ॲक्सिओस: फेच हाताशी असताना हे पॅकेज कशासाठी घ्यायचं

सर्व्हरकडून डेटा मागवणारं जावास्क्रिप्टचं फेच हे फंक्शन ब्राउझरमध्ये २०१५ पासून आहे. २०२२ मध्ये नोड (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं साधन) १८ आलं आणि सर्व्हरवरही ते काहीही इन्स्टॉल न करता चालू लागलं. तरी नव्या प्रोजेक्टची पॅकेज फाइल उघडली की त्यात तेच काम करणारं ॲक्सिओस हमखास सापडतं, आणि पुष्कळदा ते निव्वळ सवयीने आलेलं असतं. गझिपने (आकार घटवून) दाबल्यावर त्याचं वजन चौदा किलोबाइटच्या आसपास भरतं. ग्रामीण भागातल्या मोबाइल नेटवर्कवर उघडणाऱ्या पानासाठी हे वजन फुकटचं नाही, म्हणून त्याच्या बदल्यात काय मिळतं हे नीट बघायला हवं.

निकाल आधीच सांगतो. लॉगिन असलेलं, एकाच एपीआयशी (सर्व्हरने डेटासाठी उघडलेल्या दाराशी) दहा-बारा स्क्रीनवरून बोलणारं ॲप असेल तर ॲक्सिओस जरूर घ्यावं. एका पानावर दोन-तीन गेट (डेटा मागणाऱ्या) रिक्वेस्ट असतील तर फेच पुरेसं आहे. आणि ॲक्सिओस घेतलं तरी ते जसं येतं तसं लाइव्ह सर्व्हरवर चढवू नये. त्याची डिफॉल्ट सेटिंग्ज शिकण्यापुरती सोयीची आहेत, खऱ्या वापरासाठी ती पहिल्याच दिवशी बदलावी लागतात.

मॅट झॅब्रिस्की यांनी २०१४ मध्ये हे पॅकेज सुरू केलं. अँग्युलरमधल्या एचटीटीपी सर्व्हिससारखी सोय अँग्युलरशिवाय मिळावी, हा हेतू होता. आठेक वर्षं ते शून्य-पॉइंट आवृत्त्यांवरच राहिलं आणि १.०.० आली ती ऑक्टोबर २०२२ मध्ये. ब्राउझरमध्ये ते जुन्या एक्सएमएलएचटीटीपी-रिक्वेस्टवर चालतं, नोडमध्ये एचटीटीपी मॉड्यूलवर. १.७.० पासून फेचचा ॲडॉप्टरही (आतून फेच वापरण्याची सोय) मिळतो. लायसन्स एमआयटी.

तुलना करायला ओपन-मेटिओची हवामान एपीआय उत्तम. खासगी, बिगरव्यावसायिक वापराला एपीआय-की (ओळखीचा कोड) लागत नाही, त्यामुळे पाच मिनिटांत हात बसतो. पुण्याचं सध्याचं तापमान हवं असेल तर अक्षांश १८.५२, रेखांश ७३.८६, करंटमध्ये दोन मीटर उंचीवरचं तापमान आणि टाइमझोन एशिया-कोलकाता एवढे पॅरामीटर द्यायचे. टाइमझोन दिला नाही तर वेळ जीएमटीत येते, म्हणजे आपल्या घड्याळापेक्षा साडेपाच तास मागे. सकाळी नऊचा आकडा पहाटे साडेतीनच्या खाली छापला जातो आणि चूक आलेखात शोधली जाते.

फेचने हे करताना पॅरामीटरची स्ट्रिंग वेगळी बनवायची, रिस्पॉन्स आला की त्याचं ओके तपासायचं, मग जेसन (मजकुराच्या रूपातला डेटा) वेगळं वाचायचं. ॲक्सिओसमध्ये गेट म्हणायचं, पॅरामीटर ऑब्जेक्ट म्हणून द्यायचे आणि डेटा हातात घ्यायचा. तीन ओळी कमी लागतात. पण तीन ओळींसाठी कोणी चौदा किलोबाइट घेऊ नये. महत्त्वाचा फरक चुकीच्या वेळी दिसतो. अक्षांश ९० च्या पुढचा दिला तर ओपन-मेटिओ ४०० स्टेटस (रिक्वेस्ट चुकीची असल्याचा कोड) आणि सोबत कारण पाठवते. फेचच्या दृष्टीने हे यशस्वी उत्तर असतं. ४०४ असो वा ५००, फेच प्रॉमिस (नंतर येणाऱ्या उत्तराचा ऑब्जेक्ट) रिजेक्ट करत नाही, म्हणजे चूक मानत नाही, त्यामुळे ओके तपासायला एका जागी विसरलं की पुढचा कोड एररच्या जेसनमध्ये तापमान शोधत बसतो. ॲक्सिओस २०० ते २९९ सोडून प्रत्येक स्टेटसला एरर फेकतं. कॅच (चूक पकडणारा भाग) लिहिला असेल तर चूक तिथे पोचतेच.

इथे एक मर्यादाही दिसते. अक्षांश-रेखांश उलटे दिले, म्हणजे ७३.८६ आणि १८.५२, तर दोन्ही आकडे वैध आहेत. स्टेटस २०० येतं, जेसन नीट येतं, आणि तापमान असतं नॉर्वेच्या उत्तरेकडच्या समुद्राचं. मजकूर बरोबर आहे का, हे ॲक्सिओस बघत नाही. ती तपासणी आपण वेगळी लिहायची.

पुणे, मुंबई आणि पणजी अशा तीन ठिकाणांचा अंदाज एकाच कॉलमध्ये मागवायचा तर अक्षांशांचा ॲरे द्यावासा वाटतो. ॲक्सिओस ॲरेतल्या प्रत्येक घटकासाठी नावापुढे रिकामा चौकोनी कंस लावून तोच पॅरामीटर पुन्हा पाठवतं. पीएचपी आणि लाराव्हेलला हे चालतं, पण नुसतं नाव पुन्हा-पुन्हा यावं अशी अपेक्षा ठेवणारे जावा आणि पायथनचे बरेच सर्व्हर ही यादी वाचतच नाहीत, आणि एररही देत नाहीत. त्यांच्यासाठी पॅराम्स-सीरियलायझर (पॅरामीटरची स्ट्रिंग बनवण्याचं सेटिंग) यामध्ये इंडेक्सेसला नल द्या, कंस जातो. ओपन-मेटिओसाठी सरळ जॉइन वापरून स्वल्पविरामाने जोडलेली एकच स्ट्रिंग द्या. ॲक्सिओस स्वल्पविराम तसाच ठेवतं.

आता सेटिंग्जकडे. पहिलं आणि सगळ्यात धोक्याचं म्हणजे टाइमआउट. डिफॉल्ट किंमत शून्य आहे आणि शून्याचा अर्थ अमर्याद. सर्व्हरने कनेक्शन घेतलं आणि उत्तरच दिलं नाही तर ॲक्सिओस स्वतःहून कधीही हात सोडत नाही. स्क्रीनवर चक्र फिरत राहतं, वापरणारा चिडून बटण पुन्हा दाबतो, आणि पोस्ट (डेटा पाठवणारी) रिक्वेस्ट असेल तर तीच नोंद दोनदा होते. साध्या कॉलसाठी १०,००० द्या. आकडा मिलिसेकंदांत असतो. नुसते १० लिहिले तर सेकंदाच्या शंभराव्या भागात सगळ्या रिक्वेस्ट पडतात आणि दोष नेटवर्कला दिला जातो.

टाइमआउट झाल्यावर येणारा कोड असतो ईकॉनअबॉर्टेड. पान बदलताना ब्राउझरने रिक्वेस्ट तोडली तरी हाच कोड येतो. म्हणजे लॉगमध्ये दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली साठत जातात. ट्रान्झिशनल या सेटिंगमध्ये क्लॅरिफाय-टाइमआउट-एरर ट्रू केलं की टाइमआउटला ईटाइम्डआउट असा स्वतंत्र कोड मिळतो. हे सेटिंग बंद अवस्थेत का येतं याचं उत्तर जुना कोड मोडू नये एवढंच आहे. नव्या प्रोजेक्टने ते लगेच चालू करावं.

नोडवर आणखी एक पदर आहे. तिथे हा टाइमआउट मुख्यतः उत्तराच्या प्रतीक्षेचा असतो, कनेक्शनच जुळत नसेल तर त्याच्यावर विसंबून चालत नाही. त्यासाठी सिग्नलमध्ये ॲबॉर्ट-सिग्नलचं टाइमआउट वेगळं द्या. दोन्ही एकत्र चालतात.

दुसरं म्हणजे इन्स्टन्स. ॲक्सिओसच्या क्रिएटने स्वतःची प्रत बनवा, तिला बेस-यूआरएल, टाइमआउट आणि हेडर द्या, आणि सगळ्या ॲपने तीच इम्पोर्ट करावी. ग्लोबल डिफॉल्ट्समध्ये टोकन (लॉगिनची ओळखखूण) टाकण्याची पद्धत बऱ्याच ट्यूटोरियलमध्ये दिसते. ती टाळा, कारण मग तेच टोकन हवामानाच्या, नकाशाच्या आणि एसएमएसच्या एपीआयलाही जातं. बेस-यूआरएलच्या शेवटी स्लॅश आहे का आणि पाथच्या सुरुवातीला आहे का, याची काळजी नको, ॲक्सिओस जोडताना एकच ठेवतं. फेचबरोबर यूआरएल कन्स्ट्रक्टर वापरला तर सुरुवातीच्या स्लॅशने बेसमधला पाथ पुसला जातो, उदाहरणार्थ त्यातलं व्ही-वन गायब होतं आणि ४०४ येतो. त्यामानाने हे फार सोयीचं.

या पॅकेजची खरी किंमत वसूल होते ती इंटरसेप्टरमध्ये. प्रत्येक रिक्वेस्ट बाहेर पडण्याआधी आणि प्रत्येक उत्तर आत येण्याआधी एका दारातून जातं, आणि त्या दारात टोकन लावणं, लॉग लिहिणं, एररचं मराठी भाषांतर करणं ही सगळी कामं एकदाच लिहिता येतात. फेचवर हे हाताने बांधता येतं, पण प्रत्येक टीमचं वेगळं होतं आणि नव्या माणसाला ते पुन्हा समजून घ्यावं लागतं.

इंटरसेप्टर लिहिताना दोन चुका सर्रास होतात. रिक्वेस्टच्या इंटरसेप्टरने कॉन्फिग परत केलंच पाहिजे. रिटर्न विसरलं तर पुढे अनडिफाइंडची प्रॉपर्टी वाचता येत नाही अशी एरर येते आणि ती आपल्या फाइलकडे बोटही दाखवत नाही. उत्तराच्या एरर-इंटरसेप्टरमध्ये काम झाल्यावर प्रॉमिस रिजेक्ट करूनच परत करायचं. तिथे नुसता कन्सोलवर लॉग लिहून सोडलं तर पडलेली रिक्वेस्ट यशस्वी ठरते आणि हाती अनडिफाइंड येतं. स्क्रीन रिकामी, कॅच शांत. क्रमाचंही लक्षात ठेवा: रिक्वेस्टचे इंटरसेप्टर शेवटी लावलेला आधी अशा उलट्या क्रमाने चालतात, उत्तराचे मात्र लावले त्या क्रमाने.

सगळ्यात नाजूक काम म्हणजे टोकन रिफ्रेश, म्हणजे संपलेल्या टोकनच्या जागी नवं मिळवणं. डॅशबोर्ड उघडला, सहा रिक्वेस्ट एकदम गेल्या, टोकन संपलेलं, सहाही ४०१ (ओळख पटली नाही) घेऊन परतल्या. भाबडा इंटरसेप्टर सहा वेळा रिफ्रेश मागतो. सर्व्हर प्रत्येक वेळी रिफ्रेश टोकन बदलत असेल तर पहिला कॉल चालतो, उरलेले पाच जुनं टोकन घेऊन गेल्यामुळे नाकारले जातात, आणि वापरणारा विनाकारण लॉगआउट होतो. चाचणीत हे दिसत नाही, कारण चाचणीत एका वेळी एकच रिक्वेस्ट असते.

उपाय असा. मॉड्यूलच्या पातळीवर एक व्हेरिएबल ठेवा, सुरुवातीला नल. ४०१ आला की आधी बघा, या रिक्वेस्टच्या कॉन्फिगवर पुन्हा-प्रयत्नाची खूण आहे का. असेल तर एरर पुढे ढकला, नाहीतर फेरा कधीच संपणार नाही. खूण नसेल तर लावा. मग व्हेरिएबल नल असेल तरच रिफ्रेशचा कॉल करून त्याचं प्रॉमिस त्यात ठेवा. नल नसेल तर आधीच निघालेल्या त्याच प्रॉमिसची वाट बघा. प्रॉमिस पूर्ण झालं की फायनलीमध्ये व्हेरिएबल पुन्हा नल करा, कॉन्फिगमधल्या ऑथरायझेशन हेडरवर नवीन टोकन ठेवा आणि तेच कॉन्फिग इन्स्टन्सला देऊन रिक्वेस्ट परत पाठवा. रिफ्रेशचा कॉल मात्र इंटरसेप्टर नसलेल्या दुसऱ्या इन्स्टन्सवरून करायचा. तोच इन्स्टन्स वापरला आणि रिफ्रेशलाच ४०१ आला, तर तो कॉल स्वतःच्याच प्रॉमिसची वाट बघत अडकतो. एकूण पंचवीसेक ओळी होतात, आणि या पंचवीस ओळी एका जागी राहतात यासाठीच ॲक्सिओस घ्यायचं.

एरर वाचण्याची रचना स्वच्छ आहे. एररवर रिस्पॉन्स असेल तर सर्व्हरने उत्तर दिलं, स्टेटस वाचा. रिस्पॉन्स नसून रिक्वेस्ट असेल तर पाठवलं पण उत्तर आलं नाही. दोन्ही नसतील तर चूक आपल्या कोडमध्ये, रिक्वेस्ट बाहेर पडलीच नाही. वापरणाऱ्याला तीन वेगळे संदेश दाखवायला एवढं पुरतं.

एक खाच मात्र फार वेळ खाते. पावतीची पीडीएफ उतरवायला रिस्पॉन्स-टाइप ब्लॉब (फाइलसारखा कच्चा डेटा) दिला, आणि सर्व्हरने ४२२ (डेटा नाकारला) सोबत जेसनमध्ये कारण पाठवलं, तर ते कारणसुद्धा ब्लॉब होऊन येतं. एरर-डेटाचा मेसेज अनडिफाइंड दिसतो आणि सर्व्हरने काही पाठवलंच नाही असं वाटतं. त्या ब्लॉबवर टेक्स्ट बोलवून, अवेट करून, मग जेसन पार्स करा. कारण आत असतंच.

ब्राउझरमधल्या नेटवर्क एररबद्दल ॲक्सिओसला दोष देण्यात अर्थ नाही. सीओआरएस (दुसऱ्या डोमेनला केलेल्या कॉलवरची ब्राउझरची अडवणूक), बंद सर्व्हर, एचटीटीपीएस पानावरून साध्या एचटीटीपीला केलेला कॉल, जाहिरात रोखणारं एक्स्टेन्शन: या चारही गोष्टींत ब्राउझर कोडला कारण सांगतच नाही, म्हणून सगळीकडे तोच एक संदेश. डेव्हलपर टूल्सचा नेटवर्क टॅब आणि कन्सोल उघडल्याशिवाय पुढे जाऊ नका. परवानगीचं (ॲक्सेस-कंट्रोल-अलाऊ-ओरिजिन) हेडर आपल्या रिक्वेस्टमध्ये टाकण्याचा सल्ला अनेक ठिकाणी मिळतो, तो साफ चुकीचा. ते हेडर सर्व्हरने उत्तरात द्यायचं असतं. आपण टाकलं तर उलट ऑप्शन्सची पूर्वतपासणी (ब्राउझरने आधी पाठवलेली परवानगीची रिक्वेस्ट) ओढवून घेतो आणि चालणारी रिक्वेस्टही पडते. रिॲक्ट नेटिव्हमध्ये अँड्रॉइड इम्युलेटरवर हीच एरर आली तर लोकलहोस्टच्या जागी १०.०.२.२ द्या. नोड १७ पासून पुढे लोकलहोस्ट आयपीव्ही-सिक्सकडे वळू शकतो. कनेक्शन नाकारलं आणि पत्त्यात दोन कोलन व एक दिसलं, तर १२७.०.०.१ लिहा.

मराठी मजकूर पाठवणाऱ्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पॅरामीटरमधलं देवनागरी ॲक्सिओस बरोबर एन्कोड करतं, पण यूटीएफ-आठमध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं आणि यूआरएलमध्ये त्याची नऊ अक्षरं होतात. 'पुणे' हा शब्द प, उकार, ण, एकार अशी चार चिन्हं, म्हणजे छत्तीस अक्षरं. अपाची डिफॉल्टमध्ये रिक्वेस्टची पहिली ओळ ८१९० बाइटपर्यंत घेते, त्यात साधारण नऊशे देवनागरी चिन्हं बसतात. इंग्रजीत चाचणी केलेला लांब शोध मराठीत ४१४ (यूआरएल फार लांब) देतो तो यामुळे. असा मजकूर पोस्टने पाठवा. दुसरं, हेडरमध्ये देवनागरी चालत नाही. फाइलचं मराठी नाव हेडरमधून पाठवलं तर रिक्वेस्ट निघायच्या आधीच एरर येते. आधी एन्कोड-यूआरआय-कंपोनंटमधून काढा आणि सर्व्हरवर उलगडा.

शोधपेटीत नवा शोध आला की आधीची रिक्वेस्ट रद्द करायला ॲबॉर्ट-कंट्रोलर वापरा. जुनं कॅन्सल-टोकन ०.२२ पासून कालबाह्य ठरलं आहे, तरी जुन्या उत्तरांमधून ते कॉपी होत राहतं. प्रत्येक शोधाला नवा कंट्रोलर लागतो, एकदा रद्द झालेला पुन्हा वापरता येत नाही. रद्द केलेल्या रिक्वेस्टची एरर इज-कॅन्सलने ओळखून गप्प गिळायची, नाहीतर वेगाने टाइप करणाऱ्याला लाल पट्ट्या दिसतात. लिप्यंतर कीबोर्डवर अक्षर जुळत असताना इनपुट इव्हेंट येतच राहतात. इव्हेंटवरचं इज-कंपोझिंग ट्रू असेल तोवर रिक्वेस्ट पाठवू नका, आणि वर ३०० मिलिसेकंदांचा थांबा ठेवा.

फाइल अपलोडमध्ये ॲक्सिओस अजून फेचच्या पुढे आहे. ऑन-अपलोड-प्रोग्रेसमध्ये किती गेलं, एकूण किती, वेग आणि अंदाजे उरलेला वेळ मिळतो. सातबारा किंवा आधारची स्कॅन प्रत चढवणाऱ्या फॉर्मला ही पट्टी हवीच. पोस्ट-फॉर्म वापरा आणि कंटेंट-टाइप हाताने लिहू नका. हाताने लिहिलं तर बाउंड्री (फॉर्मचे भाग वेगळे करणारी खूण) राहून जाण्याची भीती असते, आणि बाउंड्री नसली की सर्व्हरला फाइल दिसत नाही. नोडवरून मोठी फाइल स्ट्रीम करताना मॅक्स-रिडायरेक्ट्स शून्य ठेवा, नाहीतर रिडायरेक्ट आलंच तर म्हणून सगळी फाइल मेमरीत साठवली जाते. डिलीटला बॉडी द्यायची तर ती कॉन्फिगमधल्या डेटामध्ये जाते. पोस्टमध्ये दुसरी जागा डेटाची आणि तिसरी कॉन्फिगची. हेडर दुसऱ्या जागी लिहिले तर ते निमूटपणे बॉडी म्हणून जातात आणि ४०१ का येतो ते कळत नाही.

पुन्हा प्रयत्न करण्याची सोय मुळात नाही, ही मोठी उणीव. ॲक्सिओस-रिट्राय हे वेगळं पॅकेज ती भरून काढतं, पण त्यातही डिफॉल्ट नीट बघा. तीन प्रयत्न, मधला थांबा शून्य, म्हणजे दमलेल्या सर्व्हरवर लगेच आणखी तीन धडका. एक्स्पोनेन्शल-डिले (दर प्रयत्नाला वाढत जाणारा थांबा) लावा. टाइमआउट सगळ्या प्रयत्नांना मिळून एकच धरला जातो. प्रत्येकाला वेगळा हवा तर शुड-रिसेट-टाइमआउट ट्रू करा. ईकॉनअबॉर्टेड आला तर ते मुळात पुन्हा प्रयत्न करतच नाही. पोस्टही वगळलेलं असतं आणि ते तसंच ठेवा. पैशांचा व्यवहार पुन्हा पाठवायचाच असेल तर सर्व्हर ओळखेल अशी एकमेव की सोबत हवी.

मोठ्या आयडींचंही सांगून ठेवतो. एकोणीस आकडी आयडी जेसनमध्ये संख्या म्हणून आला तर ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढे शेवटचे आकडे बदलू शकतात. हे फेचमध्येही होतं, पण ॲक्सिओस पार्स करूनच देत असल्याने मूळ मजकूर दिसत नाही आणि संशय डेटाबेसवर जातो. सर्व्हरकडून आयडी स्ट्रिंग म्हणून मागा. ते शक्य नसेल तर ट्रान्सफॉर्म-रिस्पॉन्समध्ये स्वतःचा पार्सर बसवा.

ज्यांना इंटरसेप्टर, टाइमआउट आणि पुन्हा प्रयत्न हवेत पण वजन नको, त्यांनी केवाय हे पॅकेज बघावं. ते फेचवरच उभं आहे, टाइमआउट मुळातच दहा सेकंदांचा आहे आणि दोन पुनर्प्रयत्न आतच आहेत. डिफॉल्टच्या बाबतीत ते ॲक्सिओसपेक्षा शहाणं आहे, हे मान्य करायला हवं. ऑफिसच्या प्रॉक्सीमागे (बाहेर जाणाऱ्या रिक्वेस्टचा मधला सर्व्हर) नोड चालवणाऱ्यांना मात्र ॲक्सिओस बरं पडतं, कारण प्रॉक्सीची एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ते आपणहून वाचतं. एचटीटीपीएस अडलं तर प्रॉक्सी फॉल्स करून एचटीटीपीएस-प्रॉक्सी-एजंट द्यावा.

आवृत्ती १.१२.० किंवा नंतरची असावी. १.५.१ पर्यंत विथ-क्रेडेन्शियल्स (कुकी सोबत पाठवण्याचं सेटिंग) लावलं की एक्सएसआरएफ टोकन (बनावट रिक्वेस्ट रोखणारी खूण) कुठल्याही होस्टला जात होतं, ते १.६.० ने थांबवलं. बेस-यूआरएल असतानाही पाथच्या जागी पूर्ण यूआरएल आला तर रिक्वेस्ट टोकनसह तिकडे जाते. यावर उपाय म्हणून अलाऊ-ॲब्सोल्यूट-यूआरएल्स हे सेटिंग आलं, पण ते डिफॉल्टमध्ये मोकळं आहे, त्यामुळे एपीआयच्या इन्स्टन्सवर फॉल्स करून ठेवा आणि १.८.२ च्या आधीची आवृत्ती ठेवू नका. नोडवर डेटा-यूआरएल (पत्त्यातच डेटा असलेला यूआरएल) देऊन मेमरी भरवण्याची वाट १.१२.० ने बंद केली. पॅकेज फाइलमधला आकडा बघून समाधान मानू नका, लॉक फाइल (प्रत्यक्ष बसलेल्या आवृत्त्यांची नोंद) उघडा. दुसऱ्या एखाद्या पॅकेजने जुनी प्रत आत ओढून आणलेली असते.

०.२७ वरून १.x वर येताना आधी पॅराम्स-सीरियलायझर शोधा. पूर्वी तिथे थेट फंक्शन देत, आता ऑब्जेक्ट द्यायचा आणि फंक्शन सीरियलाइझ या नावाखाली ठेवायचं. नंतर ॲरे पाठवणारा प्रत्येक कॉल नेटवर्क टॅबमध्ये एकदा डोळ्यांनी तपासा, मगच डिप्लॉय करा.